पाटाएवढं कार्ड

नवी मुंबईतल्या बोनकोड्यात मी खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीण काकींनी माझं आधारकार्ड मागितलं नाही. जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं करून माझ्यापुढे ठेवलं, त्यावर जाड स्केचपेन ठेवलं आणि म्हणाल्या, "नाव लिही. गावाचा पन लिही."

मी लिहिलं. त्यांनी ते पान हातभर लांब धरलं, मग आणखी थोडं लांब धरलं.

"या काय मुंग्या सोडल्यास? माझ्या घरान राहाचा तर मोठा लिहाचा."

मी दुसऱ्यांदा लिहिलं. अक्षरं चार बोटं उंच झाली. माझं गाव पानावर मावेना, शेवटचं अक्षर कडेला खाली उतरलं. त्यावर त्या खूश झाल्या आणि खोलीची चावी दिली. पुढे माझ्या लक्षात आलं की त्यांच्या चार मजली इमारतीतल्या प्रत्येक भाडेकरूने ही परीक्षा दिलेली आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सताई पहिल्या फेरीतच पास झाल्या होत्या. शेजारच्या खोलीतल्या, माझ्यासारख्याच तळोज्याला जाणाऱ्या ऑपरेटरला तीन पानं लागली होती.

काकी जाऊन आता वर्ष होत आलं. मी जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात शिकलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. बी.एस्सी. होऊन तळोज्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो आणि पाच वर्षं त्यांच्या घरात राहिलो. माझ्यावर त्यांचे उपकार आहेत. शिवाय त्यांच्या बाबतीत मी एक चूकही करून बसलो होतो, म्हणजे चूक माझी आणि भोगावी लागली त्यांना. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

काकींच्या घरात अक्षर म्हणजे मोठंच. जिन्यात पुठ्ठ्याच्या पाट्या टांगलेल्या असत. एकीवर होतं, "चपला जिन्यात ठेऊ नये. पडल्यास मी हसेन." दुसरीवर, "पाणी नाही आले तर मलापण नाही आले." आणि गच्चीच्या दारावर, "पिकात पाय टाकू नये." ही शेवटची पाटी नव्या माणसाला गंमत वाटे. तो दार उघडून बाहेर जाई आणि पाय मागे घेई. कारण गच्चीवर खरोखरच पीक होतं. निळे प्लॅस्टिकचे ड्रम आडवे कापून ठेवलेले, आणि त्यांत भात.

कारखान्यांतून भंगारात निघणारे ते ड्रम. आमची ओळख वाढली ती त्यांच्यामुळे. एकदा काकींनी दोन नवे ड्रम आणवले होते. मी वर कपडे वाळत घालायला गेलो आणि सवयीने ड्रमवरचं फाटकं लेबल वाचलं. एकात फिनॉल होतं. मी त्यांना सांगितलं की यात पिकवलेलं खाऊ नका, धुतलं तरी ते निघायचं नाही. त्यांनी लेबलावर बोट ठेवलं.

"तुला या चिठ्ठीवरून कळला?"

"हो."

"बराच शिकलायस मंग."

त्या दिवसापासून ड्रम माझ्या पसंतीशिवाय गच्चीवर चढला नाही. ग्लिसरीनचे चालत. डिग्रीचा इतका सन्मान मला कारखान्यात कधी मिळाला नाही.

त्यांची सून यावर वैतागलेली असे. ड्रममधलं पाणी मुरून चौथ्या मजल्याच्या छताला ओल धरत होती. "आई, लोक गच्चीवर गार्डन करतात, तुमी शेती काढलीय," ती म्हणायची. काकी ऐकून घ्यायच्या आणि पावसाळ्यात रोपं उपटून पुन्हा लावायच्या, त्याला त्या आवणी म्हणत. साडीचा काष्टा मारून, गुडघ्यापर्यंतही न येणाऱ्या चिखलात वाकून. बी त्यांच्या खाडीकाठच्या जुन्या जमिनीतलं होतं, लाल तांदळाचं. आठवड्यातून एकदा त्या प्रत्येक ड्रममध्ये चिमूटभर मीठ टाकत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "खाऱ्या पान्याची सवय हाय त्याला. नुसता गोडा पानी दिला तर करमाचा नाय."

आता कार्डांबद्दल.

काकी दर पौर्णिमेला एक पोस्टकार्ड पाठवत. पोस्टकार्ड हा त्यांचा शब्द. प्रत्यक्षात ते साडीच्या खोक्याच्या झाकणाएवढं असे, कधी जेवायला बसायच्या पाटाएवढं. मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे, लग्नाच्या जाड पत्रिका, मध्ये वर्तमानपत्राचे थर, हे सगळं मैद्याच्या खळीने चिकटवायचं. खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा म्हणजे कीड लागत नाही. मग दोन दिवस तांदळाच्या डब्याखाली दाबून ठेवायचं. वाळलं की त्यावर लिहायचं. एका कार्डावर सहा-सात वाक्यं मावत. "आवणी झाली. पाऊस बरा आहे. गुडघा दुखतो. सून चांगली आहे पण बोलते फार." कोपऱ्यात भाताची लोंबी दोऱ्याने टाचलेली असे.

पाकीट नाही. हे त्यांचं ठाम होतं. पत्ता आणि मजकूर दोन्ही उघडे. "वाटेवर कोनी वाचला तर वाचूं दे. मला लिहाय येतं ते त्याला पन कळल." कार्ड पेटीच्या फटीतून जात नसे, म्हणून काखेत धरून त्या स्वतः पोस्टात जात. तिथला कारकून ते काट्यावर ठेवी, पाकिटाच्या दराने तिकिटं देई आणि तिकिटं चिकटवण्याआधी हटकून मजकूर वाचे. "काकी, गुडघ्याला तेल लावता की नाही?" असं विचारी.

ज्यांना ही कार्डं जात त्या मावशी परभणीकडच्या एका खेड्यात राहत. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी दोन्ही गावांत प्रौढांचे साक्षरता वर्ग चालत होते, आणि शिकवणाऱ्यांनी लिहिण्याचा सराव म्हणून एका वर्गातल्या बायांना दुसऱ्या वर्गातल्या बायांचे पत्ते दिले होते. बाकीच्यांची पत्रं दोन-चार महिन्यांत थांबली. या दोघींची थांबली नाहीत. दोघी फळ्यावर मोठी अक्षरं गिरवून शिकलेल्या, साध्या पोस्टकार्डावर चार शब्दही मावायचे नाहीत. म्हणून कार्डं वाढत गेली.

मावशींचं कार्ड आलं की पोस्टमन खालून हाक मारी. ती कार्डं वेगळी असत. पुठ्ठ्यावर जुन्या लुगड्याचे तुकडे गोधडीसारखे टाके घालून शिवलेले आणि मधल्या पांढऱ्या चौकोनावर मजकूर. "ज्वारी हुरड्यात आली. पाखरे फार. विहिरीला पाणी कमी." काकी ते कार्ड स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडून बोट ठेवून मोठ्याने वाचत. त्या वेळी कोणी शब्द पुरवायचा नाही. एकदा सुनेने घाईत "विहिरीला" हा शब्द पुढे होऊन पुरा केला, तर काकींनी कार्ड उलटं केलं, सुलटं केलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सून पाच मिनिटं हातात पोळपाट घेऊन उभी.

दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली. तीन आठवडे काकींनी मला खोलीत जेवण आणून दिलं. गावाहून माझी आई यायला निघाली होती, तिला फोनवर म्हणाल्या, "तू कशाला येतेस, मी हाय ना." माझी आई अंगठा लावणारी. काकींनी माझ्यासमोर तिला फोनवर नावातलं पहिलं अक्षर शिकवायचा प्रयत्न केला. फोनवर अक्षर कसं शिकवणार? पण त्या वीस मिनिटं सांगत होत्या, "पयली एक काठी उभी काढ. काढली?" मी अंथरुणात तोंड लपवून रडलो.

हे उपकार फेडायचं माझ्या मनात होतं. त्या दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा ठरवलं की मावशींच्या खेड्याला जायचं आणि दोघींची व्हिडिओ कॉलवर भेट घडवायची. काकींना सांगितलं नाही, मावशींना कळवलं नाही. अचानक आनंद द्यायचा, असं माझ्या डोक्यात होतं.

मावशी उंच, काटक. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, पुढे शेण सारवलेलं अंगण, एका बाजूला शिवायला घेतलेलं नवं कार्ड. मी बोनकोड्याहून आलो म्हटल्यावर त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मी सुनेला फोन लावला. ती उत्साहाने फोन घेऊन दिवाणखान्यात गेली, तिथे काकी सोफ्यावर बसल्या होत्या. मागे भिंतभर टीव्ही, खाली चकचकीत फरशी. दोघी एकमेकींना बघून हसल्या. मग काय बोलावं ते दोघींनाही सुचेना. सुनेला वाटलं आपणच काहीतरी करावं. तिने फोन फिरवत घर दाखवायला सुरुवात केली. हॉल, किचन, जिना, बाहेरून चार मजले. मग गच्ची. "आणि ही आमच्या सासूबाईंची शेती," ती हसत म्हणाली.

पडद्यावर निळे ड्रम दिसले. कापणी झालेले, नुसती सडं राहिलेली.

मावशींनी फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "आन् शेत कुठंय?"

सून खाली आली, फोन काकींच्या तोंडासमोर धरला. मावशींनी तेच पुन्हा विचारलं. काकी उठल्या आणि चौकटीतून बाहेर गेल्या. पडद्यावर रिकामा सोफा राहिला.

मावशींनी मला चहा दिला. चहा घेईपर्यंत त्यांनी शिवायला घेतलेलं कार्ड उचलून ट्रंकेत ठेवलं आणि ट्रंक लावली. मला एवढंच म्हणाल्या, "मला वाटायचं, ती मपल्यासारखीच."

बोनकोड्याला परत आलो. काकी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुला कोनी सांगितला होता?" पुढची पौर्णिमा आली आणि गेली. काकींनी कार्ड केलं नाही. मावशींचंही आलं नाही. त्याच्या पुढच्याही पौर्णिमेला नाही. पोस्टातला कारकून एकदा मला रस्त्यात भेटला आणि काकी आजारी आहेत का म्हणून विचारू लागला. जिन्यातली एक पाटी पडली ती कोणी पुन्हा टांगली नाही.

मी वर जाऊन काकींजवळ बसत असे. एका संध्याकाळी त्या आपण होऊन बोलल्या. मी तोवर समजत होतो की मोठं घर असल्याचं त्यांनी लपवलं. तसं नव्हतं.

त्यांच्या जमिनीच्या कागदावर त्यांनी अंगठा दिला होता. शहर वसवायला जमीन गेली, राहत्या घराची जागा तेवढी उरली आणि तिच्यावर पुढे मुलाने मजले चढवले. कागदावर काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं आणि कोणी वाचूनही दाखवलं नाही. त्या अंगठ्याची त्यांना लाज वाटत राहिली. म्हणून गावात वर्ग सुरू झाला तेव्हा त्या सर्वांत आधी जाऊन बसल्या. तिथे फळ्यावर धडा होता, "माझे शेत आहे. मी भात लावते." बाईंनी सांगितलं, हेच कार्डावर उतरवा आणि पाठवा.

"मला तेवराच लिहाय येत व्हता," काकी म्हणाल्या. "शेत तवा कुठं व्हता? पन 'नाय' लिहाय मी शिकली नव्हती. तिचा उत्तर आला, शेत केवरा हाय? आता त्याचा उत्तर लिहाय येईपर्यंत सा कार्डा गेलती. ती मला शेतकरीन समजून सगला लिवायची. पाखरा, विहीर, बैल. मंग कशी सांगू?"

"मग?"

"मंग पयला ड्रम आनला."

मी त्या गच्चीवर किती वेळा कपडे वाळत घातले होते. म्हाताऱ्या बाईचा छंद म्हणून त्या भाताकडे पाहून हसलोही होतो. फळ्यावरून उतरवलेलं एक वाक्य खोटं राहू नये म्हणून ती बाई इतकी वर्षं दर पावसाळ्यात चिखलात वाकत होती.

मी म्हटलं, काकी, मी मावशींना सगळं समजावून लिहितो. त्या इतक्या शांतपणे "नको" म्हणाल्या की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाकडून नव्या फ्रिजचा खोका मागवला. त्यातली एक आख्खी बाजू कापली. एवढं मोठं कार्ड त्यांनी कधी केलं नव्हतं. बारा दिवस लागले. रोज सकाळी थोडं लिहायचं आणि उठायचं. त्यावर लिहिलं होतं, "शेत नाही. होते. शहरासाठी घेतले. मी अंगठा दिला. तेव्हा वाचता येत नव्हते. भात ड्रममध्ये आहे. अकरा ड्रम. पहिले पत्र खोटे होते. नंतर मी ते खरे केले."

पोस्टात मी आणि काकी दोघं ते धरून गेलो. कारकुनाने उभं राहून शेवटपर्यंत वाचलं. मग अदबीने म्हणाला की एवढं मोठं असं उघडं जाणार नाही, कापडात शिवून पार्सल करावं लागेल.

"झाकून नाय पाठवाचा," काकी म्हणाल्या. "आता झाकाचा काय रायलाय?"

त्यांनी कारकुनाकडे कात्री मागितली. मला वाटलं कडा छाटतील. त्यांनी कार्डाचे मधोमध चार तुकडे केले. वाक्यं मध्येच तुटली. बारा दिवसांचं काम. प्रत्येक तुकड्याच्या मागे पत्ता लिहिला. मी म्हटलं, आकडे तरी घाला, कुठला कुठे ते कळेल. त्या म्हणाल्या, "ती लावल बराबर."

मग वाट पाहणं. काकी पोस्टमनच्या वेळेला खाली दारापुढच्या ओट्यावर बसत आणि तो गेला की आत जात. एक महिना गेला. दुसऱ्या महिन्यात मी कामावरून आलो तर ओट्यावर सून, नर्सताई आणि काकी बसलेल्या, आणि मध्ये लुगड्याच्या तुकड्यांचं कार्ड. मी येईपर्यंत त्यांनी ते वाचलं नव्हतं. काकींनी बोट ठेवलं. आम्ही कोणी एकही शब्द पुरवला नाही.

"तीन तुकडे आले. चौथा आठ दिवसांनी आला. तोवर वाचले नाही. चारी शिवून वाचले. घर मोठे आहे म्हणून राग नाही. शेत नाही म्हणून राग नाही. इतक्या खोल्या आहेत. इतकी वर्षे झाली. एकदा तरी ये म्हणायचे."

काकींचं बोट शेवटच्या शब्दावर राहिलं. सून पदराने डोळे पुसू लागली. काकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मिठाईचा खोका हाय का कोनाकडं? मोठा."

हे नवं कार्ड त्यांनी वाळू दिलं नाही, दाबूनही ठेवलं नाही. ओल्या पुठ्ठ्यावरच लिहिलं. आख्ख्या कार्डावर एकच अक्षर होतं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. "ये."

मावशी रब्बीची काढणी उरकून आल्या. मी पहाटे कळंबोलीला बसवर त्यांना घ्यायला गेलो. मधल्या काळात मी माझी खोली रिकामी करून शेजारच्या ऑपरेटरकडे गादी टाकली होती. माझी खोली मावशींसाठी. तसं काकींनी मला विचारलंच नव्हतं, थेट सांगितलं होतं, आणि मला ते बरं वाटलं होतं.

गेटवर दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. दोघींना मिठी मारण्याची सवय नव्हती.

"उंच हायस गो," काकी म्हणाल्या. "मला वाटला बुटकी असशील."

"कशावरून? अक्षरावरून?"

"नाय. तू लय कुरकुरतेस लिवताना."

मावशी हसल्या. चहा झाला, पोहे झाले. पुन्हा गप्प बसायची वेळ आली तेव्हा मावशींनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "चल, दाखव तुझं शेत."

आम्ही गच्चीवर गेलो. काकी मान खाली घालून ड्रमांकडे चालू लागल्या. मावशींनी त्यांचा दंड धरून थांबवलं.

"हे मी फोनमदी पाह्यलंय. ते दाखव."

काकी वळल्या. मग त्यांनी मावशींना खाडीकडच्या कठड्याशी नेलं. समोर सेक्टरच्या इमारती, एक शाळा, पाण्याची टाकी, उभ्या केलेल्या गाड्या. काकींनी हात लांब केला. शाळेच्या मागे बांध होता तो दाखवला. टाकीच्या जागी आंब्याचं झाड, ते दाखवलं. डावीकडे दिराचा तुकडा, उजवीकडे मिठागराची वाट. तोवर त्यांनी मला त्या कठड्याशी कधी नेलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

मावशींनी डोळ्यांवर हाताची सावली धरली, आमच्याकडे उभ्या पिकाकडे बघताना धरतात तशी. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बघितलं.

"जमीन चांगली व्हती गं," त्या म्हणाल्या. "आन् गोडं पाणी कुठून घ्यायचीस?"

काकी सांगू लागल्या.